घरगुती सफाईची द्रावणं: आधी मळ ओळखा, मग बाटली भरा

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकाच बाटलीत घालून ‘सगळ्यावर चालणारं’ द्रावण करायचं, ही घरगुती सफाईत सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. फेस उसळतो, काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. फेस बसला की मात्र बाटलीत उरतं ते सोडियम ॲसिटेट या क्षाराचं पाणी. व्हिनेगरमधलं आम्ल संपलेलं असतं आणि सोडाही. १०० मिली व्हिनेगरमध्ये साधारण ५ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड असतं. ते पूर्ण मारायला ७ ग्रॅम सोडा, म्हणजे चहाचा जेमतेम दीड चमचा, पुरेसा होतो. त्या पाण्याने पुसलं काय किंवा साध्या पाण्याने पुसलं काय, फारसा फरक पडत नाही.

दोन्ही वस्तू उत्तम आहेत, फक्त त्यांची कामं वेगळी आहेत. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले दोन टप्पे गाळून थेट कृतीकडे जाऊ नका. बिघाड होतो तो बहुतेक तिथेच.

टप्पा १: मळ कोणता आहे ते ठरवा

घरातला मळ ढोबळमानाने तीन जातींचा असतो.

पहिला क्षारांचा. नळाच्या बुडाशी, शॉवरच्या छिद्रांत, केटलीच्या तळाशी जमणारा पांढरा, कडक, खरखरीत थर. पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट तिथे साचतं आणि ते आम्लाने विरघळतं. त्याला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, लागतं. सोडा कितीही घासा, हा थर हलणार नाही.

दुसरा ओशट मळ. शेगडीजवळची भिंत, कपाटांच्या मुठी, एक्झॉस्ट पंख्याची पाती. धूळ आणि तेल यांचा हा पिवळट चिकटा असतो. यावर व्हिनेगर मारून तासभर घासणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या कष्टांचं फार वाईट वाटतं. तेलावर आम्लाचा जोर चालत नाही. तिथे अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ हवा, जसा धुण्याचा सोडा, आणि जोडीला भांडी घासण्याचं लिक्विड.

तिसरा चिकटून बसलेला किंवा करपलेला मळ. याला वेळ द्यावा लागतो आणि हलकं घासावं लागतं. खाण्याच्या सोड्याचे कण मऊ असल्यामुळे ते इथे कामाला येतात.

बाथरूमच्या भिंतीवर साबणाचा जो राखाडी थर बसतो तो मधला प्रकार आहे. पाण्यातले क्षार आणि साबण यांचा मिळून तो तयार होतो. त्याला आम्ल आणि लिक्विड दोन्ही लागतात.

*तपासा:* थर कोणता ते कळत नसेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर क्षार आहेत. काहीच झालं नाही तर कोमट पाण्यात लिक्विडचा थेंब घालून पुसून पाहा. बोटाला ओशट लागलं तर तेल आहे. (ही चाचणी नळ, टाइल, काच यांच्यावरच करा. दगडावर नको, कारण पुढे सांगितलंय.)

टप्पा २: पृष्ठभाग आणि सामान तयार करा

मळाइतकंच महत्त्व तो ज्या वस्तूवर बसलाय तिला आहे. काही जोड्या कायमच्या वर्ज्य समजा:

- संगमरवर, चुनखडीचा दगड, टेराझो (सिमेंटमध्ये दगडाचे तुकडे बसवलेली फरशी): आम्ल अजिबात नाही. संगमरवर मुळात कॅल्शियम कार्बोनेटच आहे, त्यामुळे नळावरचा थर विरघळवणारं आम्ल कट्टाही विरघळवतं. चमक जाऊन जो फिका डाग पडतो तो पुसून निघत नाही, दगड पुन्हा पॉलिश करावा लागतो. ग्रॅनाइट तितका नाजूक नसला तरी त्याच्यावरचं सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, आम्लाने खराब होतं, म्हणून तिथेही पाणी आणि लिक्विडच वापरा.
- ॲल्युमिनियम: धुण्याचा सोडा नाही आणि गरम खाण्याचा सोडाही नाही. धातू काळा पडतो.
- रबराचे गॅस्केट, वॉशर: व्हिनेगरमध्ये तासन् तास बुडवून ठेवू नका.
- लोकर, रेशीम: धुण्याचा सोडा नाही.
- टीव्ही, फोन, लॅपटॉप यांचे पडदे: घरगुती द्रावण कुठलंच नाही. किंचित ओलसर, मऊ फडकं पुरे.

आता सामान. मोजायला चहाचा चमचा (५ मिली), मोठा चमचा (१५ मिली) आणि मिलीच्या खुणा असलेलं एक भांडं. नरसाळं. स्वच्छ, रिकाम्या स्प्रेच्या बाटल्या, शक्यतो नव्या. रबरी हातमोजे. दोन-तीन मायक्रोफायबर फडकी. जुना टूथब्रश. चिकटपट्टी आणि मार्कर.

स्प्रेची जुनी बाटली वापरणार असाल तर तीत आधी काय होतं ते नक्की ठाऊक असू द्या. ठाऊक नसेल तर ती टाकून द्या. आधी ब्लीच असलेल्या बाटलीत व्हिनेगर ओतणं धोक्याचं आहे, मग ती विसळलेली का असेना. आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत सफाईचं द्रावण कधीही भरू नका. घरात लहान मूल नसलं तरी नको. तहानलेला मोठा माणूसही अंधारात तीच बाटली उचलतो.

पाणी जड असेल, म्हणजे त्यात क्षार जास्त असतील, तर द्रावणासाठी उकळून गार केलेलं आणि वरचं निवळलेलं पाणी घ्या. नाहीतर काच पुसल्यावर तेच पाणी नवे ठिपके ठेवून जातं.

टप्पा ३: आम्लाचं द्रावण (क्षारांसाठी)

*व्हिनेगरचं:* पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. २५० मिलीला २५० मिली. रंगीत व्हिनेगर घेऊ नका, डाग पडतो.

*लिंबूसत्वाचं:* १ लिटर कोमट पाण्यात २ सपाट मोठे चमचे, साधारण २५ ग्रॅम. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. याला वास नसतो, म्हणून केटलीसाठी मी हेच वापरते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी कोमटच असू द्या, उकळतं नको. खूप तापवलं की कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन तळाशी बसतं आणि जो थर काढायला निघालात त्याच्या जागी दुसरा येतो. शिवाय हे पातळ द्रावण ठेवून दिलं तर त्यात बुरशी धरते. लागेल तेवढंच करा, उरलेलं ओतून द्या.

साबणाच्या थरासाठी व्हिनेगरच्या द्रावणात भांडी घासण्याच्या लिक्विडचा चहाचा अर्धा चमचा घाला. इथे साबण किसून घालू नका. खरा साबण आम्लात फाटतो, पांढऱ्या गुठळ्या होतात आणि भिंतीवर चिकट लेप बसतो. भांड्यांचं लिक्विड डिटर्जंट असतं, ते फाटत नाही.

वापरायचं कसं? उभ्या जागेवरून द्रावण ओघळून जातं आणि लोक म्हणतात, व्हिनेगरने काही झालं नाही. नळाच्या बुडाला फडकं भिजवून गुंडाळा आणि २० मिनिटं तसंच राहू द्या. शॉवरची जाळी काढता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत द्रावण भरून ती जाळीला दोरीने बांधा. मग टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा. क्रोम किंवा सोनेरी मुलाम्याच्या नळावर अर्ध्या तासाच्या पुढे आम्ल ठेवू नका. थर राहिला असेल तर धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

*थांबा:* ज्या जागेवर आज ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर वापरलंय तिथे आम्लाचं द्रावण मारू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

टप्पा ४: अल्कलीचं द्रावण (ओशट मळासाठी)

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या वर जितका जास्त तितकी अल्कली जोरदार) ८.३ च्या आसपास. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, त्याचा ११ च्या पुढे जातो. तेल कापण्याच्या ताकदीतला फरक इथून येतो. दोन्ही पांढऱ्या पुडी सारख्या दिसतात, म्हणून डब्यांवर नावं लिहा. धुण्याचा सोडा पोटात गेला तर घसा भाजतो.

धुण्याचा सोडा घरात नसेल तर खाण्याच्या सोड्यापासून करता येतो:

1. ओव्हन २०० अंशांवर तापवा.
2. काचेच्या किंवा स्टीलच्या ट्रेमध्ये १०० ग्रॅम सोडा पातळ पसरा. ॲल्युमिनियमचा ट्रे किंवा फॉइल नको.
3. तासभर ठेवा, मध्ये एकदा चमच्याने वरखाली करा.
4. पूर्ण गार झाल्यावर वजन करा.

*तपासा:* तापल्यावर सोड्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, म्हणून १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅमच्या आसपास उरायला हवेत. ८० ग्रॅम भरले तर सोडा अर्धवट बदललाय, आणखी अर्धा तास ठेवा. डोळ्यांनी बघून हे समजत नाही, वजनच सांगतं. तयार पूड घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, उघडी राहिली तर ती दमट होऊन गोळे होतात.

आता स्प्रे:

1. हातमोजे घाला.
2. स्टीलच्या भांड्यात ५०० मिली गरम पाणी घेऊन त्यात १ मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. पाणी नितळ दिसेपर्यंत ढवळा.
3. आणखी ५०० मिली साधं पाणी घाला आणि गार होऊ द्या.
4. शेवटी चहाचा १ चमचा भांडी घासण्याचं लिक्विड घालून अलगद हलवा.
5. नरसाळ्याने बाटलीत भरा.

क्रम उलटा केला, म्हणजे लिक्विड आधी घातलं, तर ढवळताना नुसता फेस होतो आणि सोडा विरघळला की नाही ते दिसतच नाही. न विरघळलेले कण स्प्रेच्या तोंडात अडकतात. ‘बाटली दोन दिवसांत बंद पडली’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. गरम द्रावण बाटलीत ओतून लगेच झाकण लावू नका, गार होताना बाटली आत दबते.

चिकट्यावर स्प्रे मारून ५ ते १० मिनिटं थांबा, खालून वर पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. हे दुसरं पुसणं टाळलं की वाळल्यावर पांढरी भुकटी दिसते. रंग दिलेल्या भिंतीवर आधी कोपऱ्यात १० मिनिटं तपासा. जोरदार अल्कलीने काही रंग सुटतात.

टप्पा ५: सोड्याची पेस्ट

३ भाग खाण्याचा सोडा, १ भाग पाणी. पाणी थेंबाथेंबाने घाला. पेस्ट उभ्या चमच्यावरून ओघळायला नको. सिंक, ओव्हनची काच, टाइलमधल्या भेगा, कपातले तपकिरी डाग यांच्यावर लावा, २० मिनिटं ठेवा (ओव्हनच्या काचेवर रात्रभर) आणि ओल्या स्पंजने गोल गोल घासा. पेस्ट साठवू नका. ती वाळून दगड होते आणि पुन्हा भिजवली तरी कण आधीसारखे मऊ लागत नाहीत. चकचकीत ॲक्रिलिक आणि नॉनस्टिकवर ही पेस्टसुद्धा नको.

करपलेल्या स्टीलच्या भांड्याला पेस्टपेक्षा उकळी बरी. करप बुडेल इतकं पाणी, २ मोठे चमचे खाण्याचा सोडा, १० ते १५ मिनिटं मंद उकळी, मग गार होईपर्यंत तसंच. उकळताना याही सोड्याचा काही भाग कार्बोनेटमध्ये बदलतो, म्हणजे तो आपोआप जास्त ताकदवान होतो. त्यानंतर लाकडी उलथन्याने करप पापुद्र्यांसारखी सुटते. सोडा टाकताना पाणी आधीच खळखळत असेल तर फेस उतू जातो, म्हणून गार पाण्यातच घाला.

सोडा आणि व्हिनेगर एकामागून एक वापरायचे असतील तर हरकत नाही. पेस्टने घासा, पूर्ण धुवा, मग आम्ल. मधलं धुणं विसरू नका.

टप्पा ६: काचेसाठी

हे सोपं आहे. २५० मिली पाणी, ५० मिली पांढरं व्हिनेगर, लिक्विडचे फक्त २ थेंब. थेंबांऐवजी चमचा घातला की काचेवर पट्टे उमटणारच. एका फडक्याने ओलं पुसायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच कोरडं करायचं. ऊन थेट पडत असताना खिडक्या पुसू नका, द्रावण पुसायच्या आधीच वाळतं. मायक्रोफायबर फडकं धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड वापरलं असेल तर तेही काचेवर लेप सोडतं.

टप्पा ७: जंतू मारायचे असतील तर

इथे मला ठामपणे सांगायचंय. व्हिनेगर, लिंबू, सोडा ही जंतुनाशकं नाहीत. ती मळ काढतात आणि मळाबरोबर बरेच जंतू धुऊन जातात, रोजच्या घरासाठी तेवढं पुरतं. पण घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील किंवा कच्चं मांस कापलेला पाट असेल, तर या घरगुती द्रावणांवर विसंबू नका.

५ ते ९ टक्क्यांचं साधं, सुगंध नसलेलं ब्लीच असेल तर १ लिटर गार पाण्यात २० मिली, म्हणजे चहाचे ४ चमचे. क्रम असा: आधी लिक्विडने मळ धुवा, साध्या पाण्याने विसळा, मग हे द्रावण लावा आणि जागा किमान ५ मिनिटं ओली राहू द्या. नंतर पुन्हा धुवा. मळ असताना ब्लीच लावलं तर ते मळाशी झुंजण्यातच संपतं. खिडक्या उघड्या ठेवा. द्रावण त्याच दिवशी वापरून उरलेलं ओतून द्या, एका दिवसात त्याची ताकद उतरते.

*थांबा:* ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काहीही मिसळायचं नाही. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाने क्लोरीन सुटतो. अमोनियाने क्लोरामाइन वायू तयार होतात. साचलेल्या लघवीतही अमोनिया असतो, म्हणून पाळीव प्राण्याच्या घाणीवर थेट ब्लीच ओतू नका. स्पिरिटशीही विषारी संयुगं होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत घातले तर पेरॲसेटिक ॲसिड होतं, ते डोळे आणि फुफ्फुसांना झोंबतं. चुकून काही मिसळलंच आणि तिखट वास आला, तर वाकून ओतून टाकायला थांबू नका. खोलीबाहेर पडा, इतरांना बाहेर काढा, खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टर गाठा.

टप्पा ८: लेबल, साठवण, मुदत

बाटली भरल्याबरोबर चिकटपट्टी लावा, ‘नंतर लिहू’ म्हणू नका. चार गोष्टी लिहा: आत काय आहे आणि किती, कोणत्या तारखेला केलं, कशावर वापरायचं, कशावर नाही. ‘संगमरवरावर नको’ हे शब्द व्हिनेगरच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत हवेत. घरात सफाई करणारी व्यक्ती दरवेळी तुम्हीच असाल असं नाही.

व्हिनेगर आणि पाण्याचं द्रावण महिनोन् महिने टिकतं. सोड्याचा स्प्रे महिनाभरात संपवा, तळाशी स्फटिक दिसले तर कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून हलवा. काचेचं द्रावणही महिनाभर चालतं. आम्लाची आणि ब्लीचची बाटली एकाच खणात ठेवू नका. गळती झाली तर त्या तिथेच एकत्र येतात.

व्हिनेगरचा वास नकोसा वाटतो म्हणून लोक त्यात फळांच्या साली मुरवतात. चालेल, पण साली पूर्ण बुडालेल्या असाव्यात, वर आलेल्या सालीला बुरशी धरते. दोन आठवड्यांनी पातळ कापडातून गाळूनच स्प्रेत भरा. सुगंधी तेलं घालत असाल तर घरात मांजर आहे का ते पाहा. टी ट्री तेल मांजरांना विषारी असतं.

तरीही जमत नसेल तर

*तुंबलेला पाइप.* सोडा आणि व्हिनेगर ओतून बोळा निघत नाही. केसांच्या आणि तेलाच्या गोळ्याला त्या फेसाचा दाब पुरत नाही, कारण वायू वरच्या मोकळ्या बाजूने निघून जातो. प्लंजर वापरा किंवा खालचा वळणाचा भाग उघडून साफ करा. प्लास्टिकच्या पाइपमध्ये उकळतं पाणी ओतू नका, तो मऊ पडतो. कडक गरम पाणी कमोडमध्येही नको, चिनी मातीला तडा जाऊ शकतो.

*टाइलच्या भेगांतला काळेपणा.* पेस्टने मळ निघतो, बुरशीचा रंग मात्र राहतो. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने लावून १० मिनिटं ठेवा. ते त्याच्या मूळच्या गडद बाटलीतच राहू द्या, उजेडात त्याचं पाणी होतं. आठवड्याने काळेपणा परत आला तर भेगेत ओल आहे, ती आधी बंद करावी लागेल.

*लाकडावर चकाकीसाठी खाद्यतेल.* करू नका. पहिल्या दिवशी छान दिसतं, महिन्याभरात ते खवट आणि चिकट होऊन धूळ धरतं. आधी लावून बसला असाल तर कोमट पाण्यात लिक्विडचे दोन थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसणं, आणि लगेच कोरडं करणं.

*द्रावण वाढवूनही डाग निघत नाही.* प्रमाण वाढवण्याआधी वेळ वाढवा. ५ मिनिटांचे २० करून पाहा. तरी नाही, तर बहुधा मळाची जात चुकली आहे. जागा साध्या पाण्याने धुऊन वाळवा आणि पहिल्या टप्प्यातले व्हिनेगरचे दोन थेंब पुन्हा टाकून पाहा.